मार्चातली काकवी

प्लेनो
रविवार, ११ जानेवारी २०२६

चि. शार्दूल यास आजीचा आशीर्वाद.

तू आम्हाला विसरलास असं मी म्हणणार नाही, कारण तू सगळंच विसरतोस, त्यात आमचा वेगळा मान कशाला. जाताना डिंकाच्या लाडवांचा डबा ओट्यावर ठेवून गेलास. खेळायचे हातमोजे सोफ्याखाली सापडले, एक इकडं, एक तिकडं, भांडण झाल्यासारखे. डोकं तेवढं बरोबर नेलंस, ते मानेला शिवलेलं आहे म्हणून. पोचल्यावर फोन करतो म्हणाला होतास. तुझं विमान अजून हवेतच आहे असं मी धरून चालले आहे.

पत्र आसावरीच्या हातचं आहे. आसावरी म्हणजे ती नागपूरची पोरगी, इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते आणि रविवारी आपल्याकडं जेवायला येते. तू आला होतास तेव्हा ती सुट्टीत घरी गेली होती, म्हणून गाठ पडली नाही. मी बोलते, ती लिहिते. मी बोलेन तेवढंच लिही, तुझी नागपुरी अक्कल मध्ये घालू नको, असं बजावलंय तिला. हसते आहे. तू मोठ्यानं वाच, म्हणजे मी बोलल्यासारखं वाटेल. आणि अडखळलास तरी कुणाला विचारू नको, दोनदा वाच. मराठी शाळेत घातला होता तुला. कागद पोस्टानं मागून येईलच, पण तोवर तुझा कॉलेजचा निर्णय होऊन गेलेला असेल, म्हणून आसावरी आजच फोटो काढून तुझ्या फोनवर धाडणार आहे.

घरचं सगळं ठीक. बुधवारी संक्रांत. नीलांबरीनं, तुझ्या आईनं, तिळगूळ केला. पहिला घाणा असा झाला की तुमच्या त्या अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटवर मारला तर हेल्मेट फुटेल. मी नुसता एक लाडू ओट्यावर आपटून बघितला. नीलांबरी म्हणाली, "आई, तुम्ही बसा." या घरात मला हे वाक्य रोज मिळतं, जेवणाआधी आणि जेवणानंतर. दुसरा घाणा चांगला झालाय, त्यातला तुला धाडते.

तू आणलेली ती मेपलच्या झाडाची काकवी निम्मी संपली. आधी मी तुझ्यावर विश्वास ठेवला नव्हता. उसाची काकवी आमच्या कराडला पिंपानं बघितलेली बाई मी, झाडाला भोक पाडून काकवी निघते म्हटल्यावर मला वाटलं पोरगं म्हातारीची थट्टा करतंय. पण शिळ्या चपातीबरोबर झकास लागते. तू सांगितलंस ते ध्यानात आहे माझ्या, की रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं असे मार्चातले थोडेच दिवस असतात, तेव्हाच झाड देतं, बाकी वर्षभर नुसतं उभं असतं. तुझ्या खोलीतल्या त्या पोराच्या घरी अशी झाडं आहेत आणि त्यानं तुला मार्चात बोलावलंय, तेही ध्यानात आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं.

बरं. गुरुवारी तो कोच येऊन गेला.

तू पोर्टलात नाव घातलंस, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जायला मोकळा आहे असं जाहीर केलंस, आणि हा लगेच दारात. इथनं पाऊण तासावरच्या कॉलेजचा. सोफ्यावर बसला तर सोफा कण्हला. चकली दिली, ती त्यानं आधी दिव्याच्या उजेडात फिरवून बघितली, मग एका घासात संपवली आणि दुसरी मागितली. माणूस वाईट नव्हता. राजेशनं, तुझ्या बापानं, तुझे व्हिडिओ लावले, अमुक वेळचा थ्रो, तमुक वेळचा थ्रो. मला वाटलं, आता तुझा रंग, उंची आणि गोत्रही सांगतो की काय. स्थळ आलं होतं म्हण ना.

मग तो माझ्याकडं वळला. नीलांबरीनं मराठीत करून सांगितलं, की मॅम, तुमचा नातू आमच्याकडं आला तर पहिल्या मॅचपासून क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू टाकणारा, तोच. बसायचं नावच नाही.

मी म्हटलं, "आत्ता त्या जागेवर खेळतो तो पोरगा कुठं जाणार, ते विचार."

"आई, असं नाही विचारत."

"तू विचार, नाव माझं सांग."

तिनं विचारलं. कोचनं तिसरी चकली घेतली. म्हणाला, तो बसेल, चांगला पोरगा आहे, समजूतदार आहे.

"त्यालाही आजी असेल," मी म्हटलं. हे काही नीलांबरीनं इंग्रजीत केलं नाही.

जाताना त्यानं हात पुढं केला. जुनी खोड, मी हात बघितला. त्याच्या मापाची बांगडी अख्ख्या कराडात मिळाली नसती.

तो गेला आणि तुझा बाप घरभर फिरायला लागला. "आई, शार्दूल घरी आलाच असं समज. दर रविवारी जेवायला. मॅच बघायला तुला गाडीनं घेऊन जाईन, पुढच्या रांगेत बसवीन." नीलांबरी म्हणाली, "आधी त्याला तर ठरवू दे. तिकडचं इंजिनिअरिंग चांगलं आहे." तर म्हणतो, "इंजिनिअरिंग इथंही आहे. तिकडं बेंचवर सडतोय तो. त्यांचा तो क्वार्टरबॅक मेसन अजून एक वर्ष खेळणार, मग आणखी कोणी आणतील. बेंचवर बसलेल्याला कोणी विचारत नाही, नीलू. मला सांगू नकोस."

तुझ्या बापाला वाईट समजू नको. तुला आठवणार नाही, तू दोन वर्षांचा होतास. त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीनं सांगितलं, सध्या बेंचवर थांब. म्हणजे नोकरी आहे, पण काम नाही, आणि कंपनी किती दिवस ठेवील ते देवाला ठाऊक. त्या व्हिसावर नोकरी गेली की देश सोडायचा. मी तेव्हाच पहिल्यांदा आले इकडं, तुला सांभाळायला, म्हणजे नीलांबरीला कामावर जाता येईल. राजेश रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि फोनकडं बघायचा. तू टेबलाखाली त्याच्या पायांवरनं गाड्या फिरवायचास. पाय हलवत नव्हता बिचारा. त्याला पुढं काम मिळालं, घर झालं, सगळं झालं, पण बसणं आणि हाकललं जाणं ही दोन्ही त्याच्या पोटात एकच होऊन बसली आहेत. म्हणून तू तिकडं टोपी घालून कडेला उभा दिसलास की याला इकडं जेवण जात नाही.

आणि तू मला विचारलं होतंस.

मागच्या अंगणात. मी माझ्या खुर्चीत, तू कुंपणापाशी. लहानपणी मी पदर पसरून बसायचे आणि तू तो सोललेल्या नारळासारखा चेंडू पदरात टाकायचास. पदरात पडला तर शेंगदाण्याची चिक्की, बाहेर पडला तर चेंडू आणायला तूच जायचं. तुझ्या कोचांना वाटतं तुझा नेम त्यांनी बसवला. वाटू दे. नाताळात तू तसाच टाकलास, आता कुंपणापासनं, आणि एवढा दांडगा झालास तरी पदराला कळलंसुद्धा नाही. मग जवळ येऊन म्हणालास, "आजी, तू सांग. तिकडं राहून शिकू, की इकडं येऊन खेळू?"

मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि आत गेले.

गॅसवर दूध नव्हतं. तुला ते माहीत होतं, दूध तूच संपवलं होतंस.

तर आता सांगते, पण माझ्या रीतीनं सांगते, मध्ये कंटाळू नको.

मी लग्न होऊन कराडला आले तेव्हा तुझ्या आजोबांच्या घरी बांगड्यांचं दुकान. बायकांना बांगड्या भरायच्या सासूबाई. मला वाटलं आठ दिवसांत आपणही भरू. त्यांनी मला वर्षभर नुसतं शेजारी बसवलं. काम काय, तर मागतील त्या मापाच्या बांगड्या गवतातनं सोडवून हातात द्यायच्या. सव्वादोन दे. अडीच दे. बस. शिकवणं नाही, सांगणं नाही. मी कुढायचे. माझ्या बरोबरीच्या पोरी चार चार भाकऱ्या थापून नवऱ्याला शेतात नेऊन देत होत्या, आणि मी आपली गवत झटकत बसलेली. एकदा धीर करून विचारलं, "आत्याबाई, मी कधी भरू?" तर म्हणाल्या, "बांगडीकडं बघायचं सोडशील तेव्हा."

मग मी हातांकडं बघायला लागले. कुणाचा अंगठ्याचा सांधा जाड, कुणाची मूठ आपोआप आवळते. त्यातही पुष्कळ दिवस गेले. आणि मग एकदा कानांनी बघितलं म्हण. सासूबाई प्रत्येक बाईला विचारायच्या, "माहेर कुठलं गं तुझं?" मला वाटायचं म्हातारीला चांभारचौकशा. पण बाई माहेरचं बोलायला लागली, आमच्या दारात आंबा आहे, भाऊ फौजेत आहे, की तिचा हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात बांगडी सांध्यावरनं आत. तिला कळायचंही नाही. त्यानंतर समोर कुणाला बांगड्या भरत असल्या की माझ्या मांडीवर माझीच बोटं आपोआप आवळायची आणि सुटायची. सासूबाईंनी ते बघितलं असणार. कारण एका सकाळी एक गिऱ्हाईक बसलं आणि त्यांनी तिचा हात उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. पान लावायला घेतलं.

झालं, आजीनं सांगितलं की बसल्यानं येतं, असं म्हणून कागद मिटू नको.

कारण मी मराठी शाळेतही बसले होते. तू मला सोडून आत जायचाच नाहीस, म्हणून मला तुझ्या मागच्या खुर्चीत बसवलं, गुडघे हनुवटीला लागतील एवढ्याशा त्या खुर्च्या. तुला वाचता येईपर्यंत, दर रविवारी. त्या सुलभाताई शिकवायच्या, त्या म्हणायच्या, "आजी, तुम्हीही गिरवा की." मी हो म्हणायचे. सगळी पोरं शिकली. कारट्यांना जोडाक्षरं आली. मला अजून ग आणि म मधला फरक सांगता येत नाही. वर्षानुवर्षं बसून. का, तर मी फळ्याकडं कधी बघितलंच नाही. मी तुझ्या मानेकडं बघायचे. तिथं एक भोवरा आहे केसांचा, तुला दिसत नाही म्हणून सांगते.

म्हणून नुसतं बसावं की खेळावं, हे मला विचारू नको. बसून तू कुठं बघतोस ते मला सांग.

इथं आसावरीनं पेन खाली ठेवलं. चहा घेतला. मला म्हणते, "आजी, शार्दूल इकडंच आला तर रविवारी काय कराल हो जेवायला?"

मी म्हटलं, काय म्हणजे, भरली वांगी, त्याला काळी लागतात ती छोटी, आणि ज्वारीची भाकरी, नीलांबरीला तू बस म्हणणार मी त्या दिवशी. आणि लसणाची चटणी. एक वांगं जास्त, तो शेवटचं खात नाही म्हणतो आणि मग खातो. त्याच्या खोलीची चादर मी दर आठवड्याला बदलते, कोणी निजलेलं नसलं तरी. गॅरेजमधल्या चेंडूतली हवा गेली आहे, पायानं दाबून बघते. राजेश म्हणतो अंगणातली खुर्ची आत घेऊ या, पावसानं खराब होते. मी घेऊ देत नाही. शनिवारी पुढच्या खिडकीशी बसते, रस्त्यावरनं गाडी वळली की कुणाची ते आवाजावरनं ओळखते. त्याच्या जुन्या गाडीचा आवाज शेजारच्यांच्या नव्या गाडीला येतो, मेली दर वेळी फसवते. आला तर फसवणार नाही. आला तर...

आणि बघते तर हिचं पेन चाललेलं.

"काय लिहितेस गं?"

"तुम्ही बोलाल तेवढंच लिहायचं होतं ना, आजी?"

सासूबाईंची विद्या नागपुरात कशी पोचली कोण जाणे. माहेर विचारलं, माझा हात सैल पडला, आणि पोरीनं बांगडी भरली. खोडते म्हणाली, मी नको म्हटलं. लिहिलेलं असू दे. तुला ठाऊक नव्हतं असंही नाही. पण एवढं वाचून बॅग भरायला घेऊ नको, खाली अजून आहे.

नोव्हेंबरातली ती मॅच. मेसनचा घोटा दुखावलाय, आज शार्दूल खेळणार, असं राजेशच्या मनानं घेतलं आणि त्यानं इथलं सगळं मराठी मंडळ घरी बोलावलं. तुला हे आम्ही सांगितलं नाही. सगळे तुझ्या नंबरचे टी-शर्ट घालून. नीलांबरीनं पावभाजी केली. आणि तो मेसन चांगला दोन पायांवर चालत आला आणि शेवटपर्यंत खेळला. मंडळी फार सभ्य. पावभाजीची स्तुती इतकी झाली की नीलांबरी रडकुंडीला आली. तो केदार, राजेशच्या ऑफिसमधला, म्हणाला, "बॅकअप पण इम्पॉर्टंट असतो यार." राजेश उठून गॅरेजमध्ये गेला.

तेवढ्यात तू दिसलास. क्षणभरच. टोपी, खांद्यावर टॉवेल. सगळ्या खोलीनं चुकचुक केलं. मी टीव्हीच्या पुढ्यातच बसलेली. तुझे ओठ हलत होते, आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर आवळत होती, सुटत होती. मग मान झटकन उजवीकडं वळली, आणि मागनं मेसननं चेंडू उजवीकडं टाकला. आधी तू, मग तो. तुमच्या खेळातलं मला काय कळतं, चेंडू पदरात पडला पाहिजे एवढंच. पण ती बोटं मी ओळखते.

खोलीभर माणसं तुझ्यासाठी हळहळत होती आणि तू आपल्या कामात होतास. तुझी नजर फळ्यावर होती.

इकडं आलास तर खेळशील. चांगलाही खेळशील. राजेश मला पुढच्या रांगेत बसवील. आणि तू चेंडू हातात घेतलास की आधी बघशील, म्हातारी आली आहे का. नाही म्हणू नको. मराठी शाळेत तू दर ओळीला वळून बघायचास, मी आहे ना म्हणून, आणि सुलभाताई ओरडायच्या. मी तर तुझ्याकडंच बघत असायचे. दोघं एकमेकांकडं बघत बसलो तर फळ्याकडं कोण बघणार.

तेव्हा राहा, बाळा. पोर्टलातलं नाव काढून घे. तिकडच्या कोचनं जागा ठेवली आहे म्हणालास, ती बसायची का होईना. मी चुकतही असेन. तुझ्या बापाला अनुभव आहे, मला नुसती सवय आहे. पण विचारलं होतंस, आणि दूध काही उतू जात नव्हतं, म्हणून सांगितलं. राजेशला मी समजावते. चिडेल, गॅरेजमध्ये जाऊन गाडी पुसेल, मग येऊन जेवेल. एक दिवस तिकडं कोणीतरी न बोलता चेंडू तुझ्या हातात ठेवील. त्या दिवशी फोन करायला विसरलास तरी चालेल, मी टीव्हीवर बघेन. बाकीच्या दिवशी मात्र कर.

मी कुठं जात नाही. बसण्यात माझा हात धरणारा या घरात कोणी नाही.

लाडवांचा डबा आणि हातमोजे तिळगुळाबरोबर धाडते आहे. कडक लाडू निघाला तर आईला सांगू नको, मेसनला दे.

तुझी,
अंगणातल्या खुर्चीतली,
पदर पसरून असलेली
आजी

ता. क. काकवी निम्मी राहिली आहे, ती मी पुरवून खाईन. लगेच धाडू नको, आणि दुकानातली तर मुळीच नको, मला चवीवरनं कळतं. मार्चात त्या पोराच्या घरी जा, झाड देतं तेव्हा स्वतः तिथं उभा राहा, आणि त्यातली, यंदाची, एक बाटली भरून पाठव.